सेन्सर बदलण्याआधी बेअरिंगची बाजू पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या वाहन पुरवणीतला एबीएसच्या (जोरात ब्रेक लावल्यावर चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) दिव्याबद्दलचा सल्ला वाचून राहवलं नाही. एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरणं रोखणारी यंत्रणा) यांचे दिवे एकदम लागले की चाकाचा वेग मोजणारा सेन्सर बदला, एवढ्यावर विषय कसा संपवता येतो?

दोन्ही दिवे एकत्र लागतात, कारण दोन्ही यंत्रणा चाकांच्या त्याच चार सेन्सरवर चालतात. एका चाकाचा वेग कळेनासा झाला की दोन्ही बंद पडतात. सेन्सर धडधाकट असला तरीही.

सर्वांत फसवा प्रकार लेखात नाहीच. आजच्या बऱ्याच गाड्यांत सेन्सरने वाचायची, चाकाबरोबर फिरणारी दात्यांची रिंग नसते. चाकाच्या बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच (कडेच्या झाकणात) आलटून-पालटून उत्तर-दक्षिण ध्रुव असतात आणि सेन्सर तेच वाचतो. नवं बेअरिंग उलटं प्रेस झालं, म्हणजे दाबून बसवलं गेलं, तर चाक सुरळीत फिरतं, जुन्या बेअरिंगची घरघर जाते, पण स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणाऱ्या यंत्रावर) त्या चाकाचा वेग शून्यच दिसतो. मग सेन्सर बदलतात, वायरिंग उकलतात, शेवटी एबीएस मॉड्यूलचा (यंत्रणा चालवणाऱ्या संगणकाचा) खर्च सांगतात. बसवण्याआधी दोन्ही सीलांजवळ हलकी पेपरक्लिप न्यावी. जी बाजू तिला ओढेल ती सेन्सरकडे. प्रेस केलेलं बेअरिंग परत काढताना बहुधा बाद होतं, म्हणून हे आधीच पाहायचं.

सेन्सरवर संशय असेल तर स्कॅनर लावून, दुसऱ्याला शेजारी बसवून, सरळ रस्त्यावर २०-३० किमी वेगाने चारही चाकांचे आकडे पाहावेत. स्टिअरिंग वळवल्यावरच एखादा आकडा तुटत असेल, तर शॉकॲबजवळ वाकणारी वायर आतून तुटलेली असण्याची शक्यता जास्त. जुन्या प्रकारच्या, कॉइलच्या सेन्सरचे ओहम (विजेचा रोध) मोजता येतात, बहुधा १ ते २ हजारांच्या आसपास. नव्या प्रकारचा सेन्सर ७ आणि १४ मिलिअँपियर अशा दोन पातळ्यांवर सिग्नल देतो. तिथे ओहम मोजून काहीच कळत नाही.

आणि ट्रॅक्शन कंट्रोल बंद ठेवल्याने ॲव्हरेज वाढतं, हे लेखात कुठून आलं? चाक घसरत नाही तोवर ते इंजिनाला हात लावत नाही. घसरलं तरच इंजिनाचा जोर कमी करतं आणि त्या चाकाला ब्रेक लावतं. चिखलात रुतलेली गाडी काढताना ते तेवढ्यापुरतं बंद करावं, कारण चाक फिरल्याशिवाय टायरच्या नक्षीतला चिखल सुटत नाही. बाहेर आल्यावर लगेच चालू. ऐन पावसाळ्यात घाटात जाणाऱ्यांना ते बंद ठेवायला सांगणं धोक्याचं आहे. याची दुरुस्ती पुढच्या पुरवणीत त्याच जागी छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाहन तंत्रज्ञ, कोल्हापूर