साथीच्या काळातील सभागृह आणि नगरसचिव कार्यालयातील कर्मचारी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

करोनाच्या साथीत झटलेल्या डॉक्टर, परिचारिका, सफाई कामगार आणि पोलिसांविषयी समाजाने कृतज्ञता व्यक्त केली, ती सर्वथा योग्यच होती. मात्र महापौरांच्या आसनापुढील टेबलाशी बसून विषयपत्रिका, हजेरी, उपसूचना, मतदान आणि इतिवृत्त सांभाळणाऱ्या नगरसचिव कार्यालयातील कर्मचाऱ्यांनी तो काळ कसा काढला, याविषयी कोठे काही लिहिलेले माझ्या वाचनात आलेले नाही. राज्यातील एका महापालिकेच्या या कार्यालयात मी दीर्घकाळ नोकरी केली आणि साथीच्या पहिल्या वर्षानंतर निवृत्त झालो. त्यामुळे हे पत्र लिहिणे मला माझे कर्तव्य वाटते.

हे काम बाहेरून दिसत नाही, म्हणून ते थोडे सांगावे लागेल. आणीबाणीच्या प्रसंगी तातडीने कारवाई करण्याचे अधिकार आयुक्तांना असतात; पण अंदाजपत्रकाची मंजुरी, करांचे दर, मोठ्या कामांचे करार हे विषय सभागृहापुढे आणि स्थायी समितीपुढेच यावे लागतात. सभेची सूचना मुदतीत निघाली नाही, गणसंख्या, म्हणजे सभेस आवश्यक असलेली किमान हजेरी, नीट मोजली गेली नाही किंवा ठरावाची शब्दरचना चुकली, तर पुढे त्या ठरावालाच आव्हान मिळते. साथीत निर्णय घाईने होतात आणि पैसाही घाईने खर्च होतो. अशा वेळी कोणी काय विचारले, प्रशासनाने काय उत्तर दिले आणि कोणी विरोध नोंदवला, याची खरी नोंद राहणे नेहमीपेक्षा अधिक गरजेचे असते.

१३ मार्च २०२० रोजी राज्यात साथरोग प्रतिबंधक कायदा लागू झाला आणि पंधरवड्याच्या आत टाळेबंदी आली. पुढे शासनाने दूरदृश्य प्रणालीद्वारे सभा घेण्यास मुभा दिली. ती आवश्यकच होती, पण ती राबवायची कशी, हे आम्हाला कोणी शिकवले नाही. आमच्या कार्यालयातील निम्मे कर्मचारी प्रभागातील सर्वेक्षणाच्या कामावर पाठवले गेले होते. उरलेल्यांनी मोबाइलवरून सभेत आलेल्या सदस्यांची हजेरी घ्यायची, मध्येच संपर्क तुटलेला सदस्य मतदानाच्या वेळी हजर होता की नव्हता हे ठरवायचे, एकाच वेळी बोलणाऱ्या चार आवाजांतून उपसूचना कोणाची आणि अनुमोदन कोणाचे हे ओळखायचे आणि त्यावरून पुढच्या सभेत कायम होईल असे इतिवृत्त लिहायचे. संपर्क तुटला की राग आमच्यावर निघे. सदस्यांचा नाइलाज मी समजू शकतो, कारण त्यांच्या प्रभागात माणसे दगावत होती आणि त्यांना बोलायचे होते. परंतु त्या रागाचे धनी झालेल्या लिपिकांच्या घरीही आजारी माणसे होती.

राज्य शासनाने मे २०२० मध्ये करोनाविषयक कर्तव्यावर असलेल्या कर्मचाऱ्यांसाठी ५० लाख रुपयांच्या विमासंरक्षणाचा निर्णय घेतला. त्यात सर्वेक्षण, चाचणी, प्रतिबंध, उपचार, मदतकार्य अशा कामांचा उल्लेख होता. बंद दालनात तासन्‌तास बसून सभेची नोंद घेणारा लघुलेखक किंवा सदस्यांच्या घरोघरी विषयपत्रिका पोहोचवणारा शिपाई त्यात बसतो का, या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर आम्हाला मिळाले नाही. सुदैवाने आमच्या कार्यालयावर ते उत्तर शोधण्याची वेळ आली नाही, तरी ती भीती आम्ही रोज सोबत घेऊन कामावर जात होतो.

माझी मुलगी इंग्लंडमधील एका स्थानिक परिषदेत याच प्रकारचे काम करते. तिकडे या विभागाला ‘डेमोक्रॅटिक सर्व्हिसेस’ म्हणजे लोकशाही सेवा असे नाव आहे, आणि या कामाचे त्याहून नेमके वर्णन मला सुचत नाही. तेथील १९७२ च्या कायद्यानुसार सभा प्रत्यक्ष भरावी लागते. साथ येताच संसदेच्या कायद्याच्या आधारे नियम करण्यात आले आणि ४ एप्रिल २०२० पासून दूरस्थ सभा वैध ठरल्या. त्या आठवड्यांत तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी नगरसेवकांना एकेक करून दूरध्वनीवरून प्रणाली शिकवली. बांधकाम परवानगीच्या समितीत ज्या सदस्याचा संपर्क मध्येच तुटला त्याने त्या प्रकरणात मत द्यायचे नाही, यासारख्या बाबींची स्थायी टिपणे त्यांनी लिहून काढली आणि सभा नागरिकांना घरबसल्या पाहता येतील अशी व्यवस्था केली.

पण ते नियम मुदतीचे होते. ७ मे २०२१ पासून ती मुभा संपणार हे दिसत असताना हर्टफर्डशायर परगणा परिषद, स्थानिक शासनातील वकिलांची संघटना आणि लोकशाही सेवा अधिकाऱ्यांची संघटना उच्च न्यायालयात गेल्या. सरकारनेही त्यांच्या म्हणण्याला पाठिंबा दिला. तरीही २८ एप्रिल २०२१ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, जुन्या कायद्यात दूरस्थ सभा बसत नाही आणि बदल हवा असेल तर तो संसदेनेच करावा. साथीचे निर्बंध पूर्ण उठले नसताना त्या कर्मचाऱ्यांना मोठी सभागृहे शोधत, खुर्च्यांमधले अंतर मोजत पुन्हा प्रत्यक्ष सभा भरवाव्या लागल्या. स्कॉटलंडच्या कायद्यात २००३ पासून दूरस्थ सहभागाची सोय होती आणि वेल्सने २०२१ मध्ये तसा कायमचा कायदा केला. एकाच देशाच्या या तीन भागांतील फरक आपल्या नगरविकास विभागाने अवश्य अभ्यासावा.

इंग्लंडमधील हँडफर्थ नावाच्या छोट्या गावाच्या परिषदेची डिसेंबर २०२० मधील दूरस्थ सभा अनेक वाचकांनी पाहिली असेल. सभेला साहाय्य करण्यासाठी आलेल्या जॅकी वीव्हर यांच्यावर सदस्य ओरडत होते आणि त्यांनी शांतपणे काहींना सभेबाहेर केले. फेब्रुवारी २०२१ मध्ये ती ध्वनिचित्रफीत जगभर पसरली आणि लोक खूप हसले. मला मात्र ती पाहताना हसू आले नाही. सभा चालवण्याची जबाबदारी असलेल्या माणसाला ‘तुला अधिकार काय’ असे भर सभेत विचारले जाणे, ही माझ्या ओळखीच्या प्रत्येक सभालिपिकाची कहाणी आहे.

२०२२ च्या सुरुवातीपासून आपल्याकडे एकेका महापालिकेवर प्रशासक येत गेले, सभागृहे रिकामी राहिली आणि हा विषय मागे पडला. माझी मागणी अशी आहे की, साथ किंवा तत्सम आपत्तीत दूरस्थ अथवा संमिश्र (काही सदस्य सभागृहात, काही दूरस्थ) सभा घेण्याची तरतूद परिपत्रकावर न सोडता महापालिका आणि नगरपालिका कायद्यांतच करावी आणि तिच्यात हजेरी, मतदान व संपर्क तुटल्यास काय करायचे याचे नियम असावेत. सभेच्या कामातील कर्मचारी अशा काळात अत्यावश्यक मानून त्यांना विमासंरक्षण मिळावे आणि त्यांची संख्या अन्यत्र पाठवून निम्म्यावर आणू नये. प्रत्येक दूरस्थ सभेला एक तांत्रिक साहाय्यक असावा, म्हणजे इतिवृत्त लिहिणाऱ्यालाच आवाज बंद-चालू करत बसावे लागणार नाही. आणि सदस्यांनी कर्मचाऱ्यांशी कसे बोलावे, याचा संकेत सभागृहाने स्वतःच ठराव करून घालून द्यावा.

२०२० मधील सभांच्या वेळी आम्ही सहकाऱ्यांनी अडचणी आणि त्यांवर काढलेल्या वाटा एका वहीत लिहून ठेवल्या होत्या. त्या टिपणांची प्रत मी जपून ठेवली आहे. नगरविकास विभागाला किंवा कोणत्याही महापालिकेच्या नगरसचिवांना ती उपयोगी वाटल्यास मी स्वतः नेऊन देईन.

आपला विश्वासू,
नगरसचिव कार्यालयातील एक निवृत्त कर्मचारी