बोअर नाही होत का, असं विचारलंस ना

मनू,

परवा फोनवर तू विचारलंस, बाबा तुम्ही दिवसभर करता तरी काय, बोअर नाही होत का. मी तेव्हा "काही ना काही असतंच की" म्हणून विषय बदलला. पण नंतर रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला, सगळं आहे पण कशातच मजा वाटत नाही, म्हणून. तो वाचला आणि झोप गेली बघ. म्हटलं फोनवर हे नीट बोलता येणार नाही, लिहूनच काढू. तीन दिवस थोडं थोडं टाइप करतोय, त्यामुळे इकडचं तिकडे होईल, सांभाळून घे.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नाही गं, बोअर नाही होत. आणि हे तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये.

आता तुला वाटेल रिटायर माणसाला काय, पेन्शन येते, डेडलाइन नाही, त्याला जमणारच. पण नोकरीत होतो तेव्हा मला जमत नव्हतं हे खरं. 34 वर्षं शिफ्ट केली, नाइट झाली की दिवसा झोप, तू शाळेतून यायचीस तेव्हा मी उठायचो आणि तू झोपायचीस तेव्हा डबा घेऊन निघायचो. तेव्हा डोक्यात एकच, हे झालं की मग. प्रमोशन झालं की मग, तुझं इंजिनिअरिंग झालं की मग, घराचे हप्ते फिटले की मग. शेवटचा हप्ता भरून बँकेतून बाहेर आलो तो दिवस मला अजून आठवतो, एप्रिलचं ऊन होतं, मी जरा वेळ तिथेच पायरीवर उभा राहिलो की आता काहीतरी वाटेल. काहीच वाटलं नाही मनू. घरी आलो, पिठलं होतं, जेवलो, नाइटला गेलो. म्हणून तुझा मेसेज वाचून मला तुझा राग नाही आला की एवढं सगळं असून रडते काय पोरगी. मला कळलं, कारण त्या पायरीवर मी उभा होतो.

पण गंमत बघ, त्याच नोकरीत एक गोष्ट मी शिकत होतो आणि शिकतोय हे मला माहीत नव्हतं. आमचं रेल्वेतलं कॅरेज अँड वॅगनचं, म्हणजे डबे आणि चाकं तपासायचं काम तुला माहिती आहे, लहानपणी क्वार्टरमधून तू बघायचीस. गाडी फलाटावर शिरताना आम्ही दोन्ही अंगाला थांबून चाकं बघायचो, बघायचो म्हणण्यापेक्षा ऐकायचो. चाक एका जागी चपटं झालं असेल तर दर फेऱ्याला ठप्प असा आवाज येतो. गाडी थांबली की ॲक्सल बॉक्सला, म्हणजे चाकाच्या आसाच्या टोकाच्या पेटीला, उलटा हात लावून बघायचा, किती गरम आहे. पहिल्या वर्षी मला सगळ्या गाड्या सारख्याच वाटायच्या, नुसता खडखडाट. आमच्यातले एक म्हातारे फिटर होते ते डोळे मिटून सांगायचे, मागून तिसरा डबा बघ रे. मी टॉर्च घेऊन जायचो आणि खरंच असायचं! मी विचारलं एकदा, तर म्हणाले रोज तेच ऐकतो म्हणून तर कळतं.

तेव्हा हे मी कामापुरतंच घेतलं. घरी आलो की कान बंद.

2019 च्या मेमध्ये रिटायर झालो, ऑगस्टमध्ये तो महापूर आला, मग दोन हजार वीस उजाडलं आणि लॉकडाऊन. ती दोन वर्षं माझी वाईट गेली, तुला तेव्हा सांगितलं नाही. सकाळी पाचला जाग यायची आणि कशासाठी उठायचं कळायचं नाही. टीव्ही लावून बसायचो. एक दिवस तुझी आई ताटात भाकरी वाढत होती आणि मी टीव्हीकडे बघत म्हटलं, साधं जेवणच बरं, साधं खाण्यातच सुख आहे. ती थांबली. म्हणाली, साधं तुम्हाला, मला नाही, 34 वर्षं तव्यासमोर उभी आहे मी. रागाने नाही म्हणाली, नेहमीच्या आवाजात म्हणाली आणि आत गेली. मला पुढचा घास गिळेना.

तिचं बरोबर होतं. मी ज्याला साधा आनंद म्हणत होतो तो मला ताटात आयता मिळत होता आणि त्याच्या मागे कुणाचे तरी हात होते, मी त्या हातांकडे बघितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं मला भाकरी शिकव.

आणि इथपासून माझं खरं सुरू झालं असं मी समजतो.

तुला वाटेल भाकरीत काय शिकायचं. अगं, पहिला महिनाभर एक धड झाली नाही. पाणी किती गरम हवं, पीठ किती मळायचं, परातीत थापताना तळहाताचा जोर कडेला किती आणि मधे किती. जोर मधे पडला की भोक, कडेला पडला की चिरा. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा तो नेमका कधी, उशीर झाला की पापुद्रा धरत नाही. आणि पीठ जुनं असेल तर कितीही करा, ती तुटणारच, ज्वारीचा चिकटपणा जातो. म्हणून मग दळणाकडे लक्ष गेलं. आता आठवड्याला थोडंच दळून आणतो. गिरणीत नंबर लावून बसतो, तो पट्ट्याचा आवाज, ते पांढरं झालेलं सगळं, आणि डबा हातात देतात तेव्हा पीठ गरम असतं. थंडीत तो गरम डबा पोटाशी धरून घरी चालत यायचं, मनू मी तुला खरं सांगतो, पगाराची पहिली पाकिटं हातात घेतली होती तेव्हाही इतकं बरं वाटलं नव्हतं. घरी आल्यावर आई डब्यात बोट घालून बघते आणि सांगते बारीक आलंय की जाड. आता मलाही कळतं.

पहिल्यांदा भाकरी टम्म फुगली त्या दिवशी मी आईला हाक मारून बोलावलं. ती आली, बघितली, हसली, म्हणाली खाऊन टाका आता बसेल ती. ती भाकरी, कृष्णाकाठच्या वांग्याची भाजी आणि कांदा. तुझ्या आईने त्या दिवशी आयतं बसून खाल्लं. ती गरम भाकरी मोडताना तिच्या चेहऱ्याकडे मी बघत होतो आणि वाटलं, हे मी तिला तिशीत का नाही दिलं.

आता सकाळच्या भाकरी माझ्याकडे. त्याआधी गवती चहा तोडून आणतो, चहा मी करतो, गच्चीच्या पायरीवर आम्ही दोघं बसतो. पहिली गाडी जाते तिचा आवाज येतो, आणि मी अजूनही चाकं ऐकतो. कधी कधी म्हणतो, हिचं एक चाक बघायला पाहिजे. आई म्हणते सोडा आता. बाजारात वांगी निवडायला अर्धा तास लागतो माझा, देठ हिरवा हवा, हाताला हलकं लागायला हवं, भाजीवाल्या मावशी आता स्वतःच चांगली बाजूला काढून ठेवतात.

संध्याकाळी सतारमेकर गल्लीत जातो. आपल्या मिरजेत राहून मला नोकरीभर कधी सुचलं नाही की तिथं बाहेर उभं राहून नुसतं ऐकावं. एका दुकानाच्या पायरीवर मला आता बसू देतात. तानपुऱ्याला तारा किती, चार. खर्ज, दोन सा आणि एक पंचम, बस. तो भोपळा पंढरपूर मंगळवेढ्याकडून येतो, वाळवलेला. सगळं जोडून झालं तरी तो गात नाही, जवारी काढावी लागते, म्हणजे तारा ज्या घोडीवरून जातात तिचा वरचा भाग अगदी हळू हळू घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, परत घासायचं, मग तारेखाली दोरा सरकवायचा. तासनतास चालतं. आणि एका क्षणी तीच तार, तोच सूर, पण आवाज उलगडतो, एकातून दहा आवाज निघाल्यासारखे. पहिल्यांदा ते माझ्या कानाला कळलं तेव्हा अंगावर काटा आला. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्या गल्लीत पेढे वाटले, मलाही दिला एक.

आणि मीरासाहेबांच्या उरुसात दर्ग्यात गाणं असतं की गं, थोर गवई अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत. ते 1937 ला गेले, इथेच त्यांना मिरजेत पुरलंय, आणि अजून गवई येऊन गाऊन जातात. तिकीट नाही काही नाही. मला रागातलं कळत नाही, पण गेल्या वेळी पहाटेपर्यंत बसलो होतो आणि मागे तो तानपुरा चालू होता ना, तोच ऐकत होतो जास्त. तुझी आई शाल घेऊन शोधत आली आणि मग तीही बसली.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो, नाहीतर तू म्हणशील बाबा प्रवचन द्यायला लागले. कमी पैशात मजा असते असं मी कधीच म्हणणार नाही. महिनाअखेरीला सिलेंडर संपला की आई स्टोव्ह काढायची, त्या वासात मजा नव्हती. 2016 च्या एप्रिलमध्ये आपल्या स्टेशनातून दुष्काळी लातूरला पाण्याची गाडी गेली ती तुला आठवते, दहा वॅगन, पाच लाख लिटर, पुढे पन्नास वॅगनच्या गाड्या सुटायला लागल्या. राजस्थानातल्या कोट्याहून ते टँकर वॅगन धुऊन आले होते आणि आमच्या लोकांनी ते खालून वरून तपासले. पहिली गाडी सुटली तेव्हा मी नुसता त्या चाकांकडे बघत होतो, आपल्या कृष्णेचं पाणी, रोज नळाला येतं, रोज प्यायलो, आणि तिकडे माणसं त्याची वाट बघतायत. घरी येऊन माठातलं पाणी प्यायलो ते मी सावकाश प्यायलो. ते नसतं तेव्हा काय होतं हे तुलाही माहितीये, 2024 च्या मार्चमध्ये बेंगलोरला तुमच्या सोसायटीत टँकरसाठी रांग होती, तू बादल्या भरल्याचा फोटो पाठवला होतास. तेव्हा नोकरी कर, पैसे मिळव, पुढे जा, त्यात माझी ना नाहीच.

माझं एवढंच म्हणणं आहे की मजा जाते ती गोष्ट रोजचीच आहे म्हणून नाही जात. तू म्हणतेस तेच ऑफिस तोच डबा तीच कॅब, म्हणून वीकेंडला कुठेतरी नवीन कॅफे शोधतेस, आणि तिथे जाऊनही फोनच बघता तुम्ही सगळे, मी आलो होतो तेव्हा बघितलंय. नवीन बघायला काही हरकत नाही. पण एखादी रोजचीच गोष्ट पकड आणि तिच्याकडे जा, रोज. स्वयंपाकवाल्या ताई येतात ना तुझ्याकडे, त्यांचं नाव तू मला सांगितलंस, पण त्या गावाकडे काय बनवतात ते विचारलंस का कधी? रविवारी त्यांना सुट्टी असते, त्या दिवशी ऑर्डर करू नको, स्वतः कर, बिघडू दे. चौदाव्या मजल्यावरून तुला पाऊस येताना आधी दिसतो, आम्हाला इथे डोक्यावर पडल्यावर कळतो. तो दिसला की लॅपटॉप पाच मिनिटं बंद कर. लगेच काही वाटणार नाही. मलाही पहिला महिना काही वाटलं नव्हतं, नुसत्या तुटक्या भाकरी.

आणि तरीही कशातच मन लागत नसेल, झोप येत नसेल, तर हे सगळं बाजूला ठेव आणि डॉक्टरांकडे जा, त्यात लाजायचं काही नाही, मला सांग, मी येतो, दोघं जाऊ. ते वेगळं आणि हे वेगळं, हे मला कळतं बाळा.

तुझ्यासाठी पिशवी भरायला घेतलीय. हळद आणलीय, भडंग आणलंय, आईने शेंगदाण्याची चटणी केलीय. ज्वारीचं पीठ मात्र देणार नाही, तिकडे पोचेपर्यंत जुनं होतं. परात आणि तवा तेवढा घे म्हणतोय, इथे आल्यावर चार दिवस माझ्याशेजारी उभी राहा.

राणी चन्नम्मा एक्सप्रेसचं रिझर्व्हेशन झालं की डबा नंबर कळव. मी फलाटावर अलीकडच्या टोकाला असेन, गाडी शिरताना चाकं ऐकायची असतात, मग तुझ्याकडे चालत येतो. आई म्हणते भाकरी आधी करून ठेवायच्या नाहीत, तू हातपाय धुऊन ताटावर बसलीस की मगच तव्यावर टाकायची. तेव्हा गाडी लेट असेल तर फोन कर, पीठ मळून ठेवून चालत नाही.

तुझा,
बाबा