वहिनी, गोधडी झाली

प्रिय वहिनी,

गोधडी झाली. काल रात्री साडेअकराला शेवटचा टाका घातला, दोरा आत ओढून घेतला आणि तशीच नेऊन आईंच्या, आपल्या सासूबाईंच्या, अंगावर टाकली. त्या झोपेतच होत्या, कूस बदलली आणि गोधडी गळ्यापर्यंत ओढून घेतली. मी थोडा वेळ तिथेच बसून राहिले. पहिला फोन तुम्हालाच करायचा होता पण तुम्ही दहाला झोपता, आणि तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच "बरं, भाजी काय केलीस आज" म्हणून विषय बदलता. म्हणून लिहितेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय.

2022 ची दिवाळी आठवतेय ना, आपण दोघी चरईच्या घरातलं आईंचं जुनं कपाट आवरत होतो, बोहारणीला द्यायचा ढीग वेगळा काढला होता आणि त्यात आजीसासूबाईंची ती गर्द हिरवी नऊवारी होती. धुऊन धुऊन इतकी मऊ झालेली की हातात घेतली आणि मला ती परत ढिगात टाकवेना. तुम्ही काही विचारलं नाहीत, फक्त म्हणालात, "ठेव तू." मग मी बाबांचे सुती सदरे ठेवले, लेकीची झबली ठेवली, आईंच्या दोन पातळांचे चांगले राहिलेले भाग ठेवले. आमच्या खालच्या टेलरकाकांनीही टू बाय टूच्या ब्लाउजपीसचे तुकडे पिशवी भरून दिले.

हिशोब मी उत्साहात केला होता. तीन ओळी, तीन रांगा, नऊ तुकड्यांचा एक चौकोन. तुकडा साडेतीन इंचांचा कापायचा, चारी बाजूंनी पाव पाव इंच शिलाईत जातो म्हणजे उरतो तीन इंच, चौकोन झाला नऊ इंचांचा. असे 54 चौकोन, सहा आडवे नऊ उभे, म्हणजे 486 तुकडे. वहीत लिहिलं तेव्हा फार सोपं वाटलं होतं.

आणि मग चार महिन्यांत माझे फक्त तीन चौकोन झाले. कारण मी मोकळ्या रविवारची वाट बघत होते आणि तो येतच नव्हता. मशीन काढायचं तर डायनिंग टेबल रिकामं करायचं, टेबल रिकामं केलं की कोणाला तरी जेवायचं असतं, त्यात माहेरी माझ्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दर पंधरवड्याला साताऱ्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. शुक्रवारी ऑफिसमधून थेट खोपट स्टँडला जायचं आणि रविवारी रात्री परत. पिशवी कपाटावर गेली ती गेलीच. मला तेव्हा खूप वाईट वाटायचं पण ते बोलायचं कोणाजवळ, घरात एवढी आजारपणं चालू असताना माझं शिवण राहतंय हे दुःख सांगायचं कसं.

तुम्हाला मात्र ते कळलं. एकदा आईंची औषधं द्यायला आला होतात तेव्हा तुम्ही एवढंच विचारलंत, "एक शिवण घालायला किती वेळ लागतो गं?" मी म्हटलं, हाताने घातली तर पाच-सहा मिनिटं. तर तुम्ही म्हणालात, "मग पाच मिनिटांचं सामान पर्समध्ये ठेव ना." आणि पुढच्या वेळी येताना तो चपटा स्टीलचा डबा घेऊन आलात, दादांच्या जुन्या टिफिनचा. त्यात एका चौकोनाचे नऊ तुकडे, टाचण्या, छोटी कात्री आणि दोरा बरोब्बर बसतो. तेव्हापासून माझं शिवण त्या डब्यातून चाललं.

ट्रेनचं गणित मला लवकर जमलं. सकाळची वाशी लोकल ठाण्यालाच सुटते त्यामुळे लेडीज डब्यात बसायला मिळतं, घणसोलीपर्यंत पाऊण चौकोन नाही होत पण दोन शिवणी नक्की होतात. संध्याकाळी गाडी मागूनच भरून येते, उभं राहून सुई हातात घ्यायची नाही हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं. नऊ तुकड्यांच्या चौकोनाला सहा छोट्या शिवणी आणि दोन लांब, म्हणजे एकूण आठ, सोमवार ते गुरुवारच्या सकाळी धरल्या तरी एक चौकोन आठवड्याला सुटतो. शेजारी बसणाऱ्या बायका आधी बघायच्या, मग विचारायच्या, मग कोणीतरी आपल्या मुलीच्या फ्रॉकचा तुकडा आणून द्यायचं. पाच-सहा चौकोनांत असे तुकडे आहेत, तुम्हाला दाखवीन कुठले ते.

एसटीत मात्र शिवता येत नाही, घाटात तर नाहीच. तिथे साताऱ्याला पोहोचल्यावर, आई झोपली की शिवायचं. आणि तिथला दिवा इतका पिवळा की मला सुईत दोरा ओवता यायचा नाही, चाळिशी लागलीच होती. हे मी फोनवर सहज बोलले होते. पुढच्या शुक्रवारी दादांच्या हातून तुम्ही दोऱ्याचं रीळ पाठवलंत, त्यावर एकापाठोपाठ एक दहा सुया ओवलेल्या, म्हणजे एक सुई ओढायची, कोपरापर्यंत दोरा घ्यायचा, कापायचा आणि बाकीच्या नऊ मागे सरकवायच्या. वहिनी, तुम्ही स्वतः शिवत नाही, तुम्हाला त्याची आवडही नाही, हे तुम्ही मला स्पष्ट सांगितलंय. तरी दर दुसऱ्या शुक्रवारी दहा सुया. मी मोजल्या नाहीत पण दोन वर्षांवर झालं हे.

आणि शनिवार. तीन ते सहा पोरं ऐरोलीला तुमच्याकडे. सुरुवातीला मला फार संकोच वाटायचा, मी त्या वेळात घरातली कामं उरकायचे, किराणा आणायचे, तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही रागावलात, म्हणालात "मी पोरं तू किराणा आणावास म्हणून सांभाळत नाहीये." हिवाळ्यात तुम्ही त्यांना खाडीवर फ्लेमिंगो म्हणजे रोहित पक्षी दाखवायला न्यायचात, धाकट्याला आता दुरूनच रोहित कुठला आणि बगळा कुठला ते कळतं.

पण मला सगळ्यात जास्त जे लक्षात राहिलंय ते वेगळंच आहे. एका शनिवारी मी तुमच्याच घरी आतल्या खोलीत चौकोन जोडत बसले होते आणि माझ्यासाठी कुठल्या तरी नातेवाइकांचा फोन आला. तुम्ही उचललात आणि म्हणालात, "ती कामात आहे, सहानंतर करेल." मी आत ऐकलं. तोपर्यंत मला कोणी विचारलं की मी स्वतःच म्हणायचे, काही नाही, असंच बसलेय. तुम्ही त्याला काम म्हणालात. त्या दिवसापासून मीही म्हणायला लागले आणि घरातलेही म्हणायला लागले, आता लेक कुणाला तरी दारातूनच सांगते, "आई कामात आहे."

दांडेलीच्या ट्रिपला तर तुम्ही कमाल केलीत. परतताना हल्याळजवळ एका घराबाहेर दोरीवर वाळत घातलेली कवंदी मला दिसली, तिकडच्या सिद्दी समाजातल्या बायका शिवतात ती गोधडी, आणि मी नुसतं "अय्या" म्हटलं तर तुम्ही दादांना गाडी थांबवायला लावलीत. आतली चारही मुलं भुकेने कावलेली. तुम्ही त्यांना चिवडा देऊन झाडाखाली बसवलंत आणि मला म्हणालात जा, नीट बघून ये. चाळीस मिनिटं मी त्या मावशींच्या ओसरीवर होते. त्या आधी चौकोन करून जोडत नाहीत, काठापासून सुरुवात करून तुकडे लावत लावत, सगळे थर एकदमच धावदोऱ्याने शिवत मधे येतात. आणि चारी कोपऱ्यांना घडी घातलेले छोटे त्रिकोण, त्याला त्या फुला म्हणतात, त्याशिवाय कवंदी पुरी होत नाही. माझ्या गोधडीच्या चारी कोपऱ्यांना मी ते लावलेत, त्या मावशींना विचारूनच. त्यांचेही इथे आभार.

थर घालायचा दिवस तुमच्याशिवाय झालाच नसता. साडेचार फूट बाय पावणेसात फूट, आमच्या घरात तेवढी जमीनच मोकळी नाही. तुम्ही सोफा बाहेर पॅसेजमध्ये काढलात, फरशी दोनदा पुसलीत. अर्ध्या नऊवारीचे दोन तुकडे जोडून ते खाली, मधे जुनी सुती चादर, वर माझे 54 चौकोन, आणि मग आपण चौघी गुडघ्यांवर बसून मधून बाहेर असे कच्चे टाके घालत गेलो. त्यात मला तो लाल खणाचा तुकडा दिसला, एकदाच धुतलेला, आणि त्याचा रंग शेजारच्या पांढऱ्या झबल्यावर उतरलेला. मी रडले होते. माझीच चूक, मीठ घातलेल्या पाण्यात बुडवून ठेवलं की झालं असं मी समजले होते, खरं तर पाणी स्वच्छ येईपर्यंत परत परत धुवायला हवं होतं. तुम्ही म्हणालात, "राहू दे, त्या झबल्यावर तिने बीटसुद्धा सांडलं होतं." तो गुलाबी डाग मी तसाच ठेवलाय, आईंच्या डाव्या खांद्यापाशी येतो.

आज सकाळी आई उठल्या आणि बराच वेळ हात फिरवत होत्या. बाबांचा निळ्या रेघांचा सदरा त्यांना लगेच सापडला. मग उलटून बघितलं आणि खालची हिरवी नऊवारी ओळखली, म्हणाल्या, "सासूबाईंची." मग मला विचारलं, "हे एवढं केलंस कधी?" मी त्यांना सांगितलं, वहिनींनी वेळ काढून दिला तेव्हा.

दुसरी सुरू करतेय, ती तुमची. तुमचा तो इंडिगोचा कुर्ता कोपरावर विरलाय, तो कुठे देऊन टाकू नका, आणि दादांचे जुने लेंगे धुऊन ठेवा. पण या वेळी शनिवारी पोरांना घेऊन मी येणार आणि तीन ते सहा तुम्ही तुमचं जे काही मनात असेल ते करायचं, पेटी परत शिकायची म्हणत होतात ना, ती काढा. फोन आला तर मी उचलेन आणि सांगेन.

तुमची,
धाकटी जाऊ