कुंडीतलं सानशो

निशी-कासाई, टोकियो
१४ जून

प्रिय नंदे,

तुझं पत्र पोचलं. कौलांचं आणि वहिनीचं सगळं शेवटी लिहिते, आधी माझी बातमी ऐक. सानशोला यंदा फळं धरली! मोजली मी, एकशे बारा. मूठभरही नाहीत, पण हसू नकोस.

सानशो म्हणजे आपण माशाच्या कालवणात घालतो त्या तिरफळाचं जपानी भावंड. तिरफळाचं झाड केवढं उंच, खोडभर काटे. उतरवायला माणूस मिळेना की तुझे काका घर डोक्यावर घ्यायचे. हे मात्र झुडूप. बाल्कनीतल्या कुंडीत माझ्या कमरेएवढं झालंय. पानं कढीपत्त्यासारखी ओळीनं लागलेली, पण नखाएवढी आणि कडेला दातेरी. वसंतातलं कोवळं पान तळहातावर ठेवून एक टाळी वाजवायची, मग ते पदार्थावर ठेवायचं. टाळीसरशी लिंबासारखा वास सुटतो. इथे कित्येक घरांच्या दाराशी तेवढ्यासाठीच लावतात.

पण मला हवी होती फळं. पहिलं रोप तीन वर्षं फुलून नुसतंच झडलं. खालच्या मजल्यावरच्या आजींनी फुलं निरखली आणि म्हणाल्या, हा नर आहे. आपल्या पपईची गत गं! मग असाकुरा जातीचं कलम आणलं. त्याला काटे नसतात आणि ते मादीच असतं. ते मी शहाणीनं भर ऑगस्टमध्ये मोठ्या कुंडीत हलवलं, आठवड्यात वाळलं. मुळं उथळ, हात लागलेला खपत नाही, माती सुकलेलीही नाही. आताचं तिसरं. त्याला मी दुपारच्या उन्हाआड ठेवलंय आणि अजिबात छेडत नाही.

छेडतात त्या अळ्या. झाड लिंबाच्या कुळातलं ना! तुमच्या परसातल्या लिंबावर पाखराच्या शिटेसारख्या दिसायच्या, डिवचलं की डोक्यातून नारिंगी शिंगं काढायच्या, तशाच. गेल्या वर्षी चार दिवसांत झाडाचा खराटा केला. यंदा रोज सकाळी चहाआधी वेचून आजींच्या संत्र्याच्या झाडावर सोडते. (त्यांना सांगूनच. त्यांना फुलपाखरं हवीत.)

हिरवी फळं उकळून, पाणी बदलत भिजवली की कडवटपणा उतरतो. चव तिखट नव्हे, झिणझिणी. सिचुआनची मिरी याच गोत्रातली. लंडनच्या संशोधकांनी २०१३ साली मोजलं, तिनं ओठांवर होणारी थरथर सेकंदाला सुमारे पन्नास कंपनांची भरते. जपानी म्हण आहे, सानशोचा दाणा लहान, पण झोंबतो झणझणीत. दाण्याचं हे कौतुक मला आवडलं, आमच्या धाकटीला लागू पडतं.

परवा साबा आणला, इथला बांगडाच म्हण. ओलं खोबरं, लाल मिरच्या, धणे, हळद, कोकम. आणि उतरवताना बारा दाणे ठेचून. झाकण काढलं तर वास आला लिंबाचा! चव छान होती गं, पण ते तुझ्या आईचं तिखलं नव्हे. 'तिरफळां नाय, तर तिकला कसला?' म्हणायच्या त्या. तिरफळाचा ओल्या लाकडासारखा, जरा उग्र वास यात नाहीच. तरी मी दोनदा भात घेतला. त्यांना हे कळवू नकोस.

वीस दाणे झाडावरच ठेवलेत. शरदात लाल होऊन उकलतील, मग काळी बी टाकून सालं वाळवायची. तुमची तिरफळं यंदा कोण उतरवणार? आणि बी काढताना तुझी बोटं अजून बधिर होतात का, ते लिही.

आता कौलांचं. दादाला म्हणावं, पावसाआधी निदान स्वयंपाकघरावरची तरी

थांब, दूध उतू चाललं. उरलेलं उद्याच्या पत्रात.

तुझी,
शालू