डायलिसिस मोफत, मग गोळी का नाही?

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

स.न.वि.वि.

आमचा रावेर तालुका केळीचा. दादाच्या किडन्या गेल्या तेव्हा पहिल्याच दिवशी बजावलं गेलं, केळी बंद, पोटॅशियम वाढतं. आता हे आमच्या गल्लीतलं शाळकरी पोरही सांगतं. अन्नातल्याच फॉस्फेट या क्षाराचं नाव मात्र दोन वर्षं कुणी काढलं नाही. अंगाची खाज थांबेना तेव्हा रक्त तपासलं. फॉस्फेट निघालं 7.8 (मिलीग्रॅम प्रति डेसिलिटर), हवं 2.5 ते 4.5.

नंतर एका डॉक्टरांनी नीट समजावलं. खाण्यातलं जादा फॉस्फेट किडनी लघवीवाटे काढते. ती थकू लागली की हाडं एफजीएफ-23 नावाचं संप्रेरक जास्त सोडतात, मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथीही जोर लावतात. दोघं मिळून उरल्यासुरल्या किडनीला राबवतात, म्हणून कित्येक वर्षं रिपोर्ट नॉर्मल येतो. पण एफजीएफ-23 मुळे सक्रिय ड जीवनसत्त्व घटतं, कॅल्शियम उतरतं, आणि ते भरून काढायला पॅराथायरॉइडचं संप्रेरक हाडंच पोखरतं. फॉस्फेटचा आकडा चढलेला दिसतो तोवर बरंच बिघडलेलं असतं. रक्तवाहिन्यांतही कॅल्शियम साठू लागतं. डायलिसिसनं फॉस्फेट पुरतं निघत नाही. शरीरातलं बहुतेक फॉस्फेट हाडांत आणि पेशींत, रक्तात थोडंच. चार तासांत मशीन ओढून ओढून किती ओढणार?

म्हणून गोळी, कॅल्शियम अ‍ॅसिटेट किंवा सेव्हेलामर. ती अन्नातलं फॉस्फेट आतड्यातच बांधते, म्हणजे जेवतानाच घ्यायची. आमच्या चिठ्ठीवर नुसतं ‘1-1-1’. दादानं तीन महिने उपाशीपोटी चहाबरोबर घेतली, तीही पदरचे पैसे मोडून!

वहिनीनं तर कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकर बंद केली आणि तोंडाला चव यावी म्हणून कोला देत राहिली. खरं तर धान्य-डाळीतलं फॉस्फेट साधारण निम्मंच अंगात शिरतं, कोल्यातलं जवळपास सगळं. तिला कोण सांगणार? पाकिटावर वरून घातलेल्या फॉस्फेटचे 338, 451 असे सांकेतिक आकडे असतात, फॉस्फेट किती ते नसतं.

2016 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात गरिबांना डायलिसिस मोफत आहे, त्याचे उपकार आहेतच. त्याच केंद्रावर या गोळ्याही मोफत द्या आणि फॉस्फेटची तपासणी दर महिन्याला करा. पाकिटावर प्रमाण छापणं केंद्राच्या हातात, तिकडे आपण लिहावं. चिठ्ठीवर ‘जेवताना’ एवढा शब्द लिहायला तर वेगळा निधीही लागणार नाही.

आपला,
डायलिसिसवरच्या एका केळीवाल्याचा धाकटा भाऊ
ता. रावेर, जि. जळगाव