कंबरदुखीचे सात व्यायाम, पण कोणासाठी?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला सात व्यायामांचा लेख वाचला. लेखकाचा हेतू चांगला आहे, हे मान्य. पण ‘दुखलं तरी थांबू नका’ हे वाक्य आपण ठळक अक्षरांत छापलंत, त्याचा मला मनापासून राग आला.

त्यातला पहिलाच व्यायाम, उताणं झोपून दोन्ही गुडघे छातीशी घेणं, मी पूर्वी सहा आठवडे केला. सकाळ-संध्याकाळ, दहा-दहा वेळा. तेव्हाच्या फिजिओथेरपिस्टकडून व्यायामाचा छापील कागद मिळाला होता. माझ्या आधीच्या पेशंटच्या हातातही तोच होता. दुखणं आधी कंबरेत होतं, तिसऱ्या आठवड्यात मांडीच्या मागे उतरलं, सहाव्यात पोटरीपर्यंत गेलं. सांगायला गेले तर उत्तर मिळालं, ‘तुम्ही नीट करत नसाल.’ मी एक दिवसही चुकवला नव्हता. ते बोलणं मला अजून बोचतं.

पुढे दुसऱ्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी कागद दिलाच नाही. आधी बराच वेळ विचारलं, पाहिलं. वाकल्यावर काय होतं, मागे झुकल्यावर काय, बसून उठताना काय. मग पालथं झोपवून कोपरांवर छाती उचलायला लावली. पायातली कळ हळूहळू वर सरकली आणि कंबर जास्त दुखू लागली. मी घाबरले. त्या म्हणाल्या, ‘पायातून वर येतंय ना? मग दिशा बरोबर आहे.’ न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेंझी यांना १९५६ मध्ये हे योगायोगानेच उमगलं होतं. डोक्याकडची बाजू उचललेल्या टेबलावर त्यांचा एक पेशंट चुकून पालथा पडून राहिला आणि त्याच्या पायाचं दुखणं थांबलं.

गुडघे छातीशी घेण्याची पद्धत त्याहून जुनी, १९३७ सालची, डॉ. पॉल विल्यम्स यांची. तीही टाकाऊ नाही. मणक्यातली पोकळी अरुंद झालेल्या वयस्कर माणसाला बहुधा पुढे वाकल्यावरच बरं वाटतं. म्हणजे एकाला जे उतार देतं तेच दुसऱ्याची कळ पायात उतरवतं, आणि नेमकं हेच लेखात कुठे नाही.

चालण्याचाही उल्लेख नाही. ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांवरचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाने टप्प्याटप्प्याने चालणं वाढवणाऱ्यांमध्ये निम्म्या जणांचं दुखणं पुन्हा उलटेपर्यंत २०८ दिवस गेले, इतरांमध्ये ११२. याला ना चटई लागते ना यंत्र.

आणखी एक. लेखाच्या खालीच कमरेच्या पट्ट्याची पाव पान जाहिरात होती. जुनाट कंबरदुखीत असे पट्टे नेहमीच्या उपचारात वापरू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्येच सांगितलं आहे. जाहिरात छापणं हा आपला व्यवहार आहे, पण निदान ती त्याच पानावर नको होती.

पुढच्या पुरवणीत तेवढ्याच ठळक अक्षरांत एवढं छापा: व्यायामाने कळ पायात खाली उतरू लागली तर तो व्यायाम थांबवा आणि दाखवून घ्या. लघवी-शौचावरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर कुठलाही व्यायाम न करता त्याच दिवशी, तातडीने डॉक्टरांकडे जा.

आपली नम्र,
एक नियमित वाचक