बाबा, गुडघे टेकता येत नाहीत म्हणून काय झालं

प्रिय आई-बाबा,

तुम्हा दोघांना सलाम.

आई, रविवारी फोन ठेवता ठेवता तू हळूच म्हणालीस ना की बाबा म्हणतात मला आता प्रार्थना जमत नाही, ते डोक्यातून जातच नाहीये, म्हणून आज मुलं झोपल्यावर लिहायला बसले. व्हॉट्सअॅपवरच पाठवतेय, पण तू बाबांना हे मोठ्याने वाचून दाखव, सावकाश.

बाबा, लहानपणीचं मला काय आठवतं सांगू, लाईट गेलेली, कंदील फरशीवर, तुम्ही लोखंडी पलंगाशी गुडघे टेकलेले आणि त्या लाल वहीतली, ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची नावं एकेक करून घेताय. बांधावरून ज्यांच्याशी आपलं वाजलं होतं त्यांचंही नाव असायचं आणि मला त्याचा जाम राग यायचा. छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा असं बायबलात मत्तय 5 मध्ये लिहिलंय हे मी खूप नंतर वाचलं.

आता अर्धांगवायूच्या झटक्यानंतर उजवा पाय वाकत नाही, शब्द तोंडातच अडकतात, आणि तुम्हाला वाटतं की प्रार्थना संपली. पण हिज्कीया राजा आठवा ना, यशया 38. मरणाला टेकलेला, अंथरुणावर पडलेला, त्याने फक्त भिंतीकडे तोंड फिरवलं, देवाला आळवलं आणि ढसाढसा रडला, आणि देव म्हणाला मी तुझे अश्रू पाहिलेत. गुडघे कुठे टेकले त्याने? आणि हन्ना, मंदिरात मूल मागणारी, तिचे तर नुसते ओठ हलत होते, आवाजच नव्हता, एली याजकाला वाटलं बाई प्यायलीये, म्हणजे याजकाला जे कळलं नाही ते देवाला कळलं. येशूचा शिष्य पेत्र पाण्यावर चालताना बुडायला लागला तेव्हा त्याची प्रार्थना तीन शब्दांची, प्रभूजी मला वाचवा. आणि येशूने तर स्वतःच सांगितलंय की खूप बोलल्याने ऐकलं जातं असं समजू नका, तुमचा पिता तुम्ही मागायच्या आधीच जाणतो.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते रोमकरांस पत्रातलं, 8व्या अध्यायातलं. काय मागावं हेच आपल्याला कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा स्वतः आपल्यासाठी मध्यस्थी करतो, शब्दात न सांगता येणाऱ्या कण्हण्याने. बाबा, रात्री कूस बदलताना तुम्ही कण्हता ना, आई सांगते, मला आता तेव्हा हेच वचन आठवतं.

आई, आता तुझं. तो घरी येऊन गेलेला माणूस, ज्याने तुला सांगितलं की तुमचा विश्वास कमी पडला म्हणून बाबा बरे होत नाहीत, त्याचं बोलणं मनातून काढून टाक. मला फार संताप आला ते ऐकून. प्रेषित पौलाने त्याला छळणारा शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनवणी केली, काटा गेला नाही, उत्तर मिळालं की माझी कृपा तुला पुरे आहे. पौलाचा विश्वास कमी होता का? आणि धरला जायच्या आधी गेथशेमाने बागेत खुद्द येशूने तेच मागणं तीनदा केलं, हा दुःखाचा प्याला टळो, पण माझ्या इच्छेप्रमाणे नको तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, आणि प्याला टळला नाही.

म्हणून मागायचं सोडायचं असं नाही हं. लूक 18 मधली विधवा न्याय मिळावा म्हणून न्यायाधीशाच्या मागे लागलीच होती ना, आणि तो दाखलाच मुळी आपण खचू नये म्हणून दिलेला. आपण बाबांच्या बोलण्यासाठी रोज मागू, हातासाठी मागू, फिजिओवाल्या पोरासाठी पण मागू, बिचारा उन्हातान्हात एवढ्या लांबून येतो. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना प्रार्थनेसाठी बोलवावं असंही आहे, तर पाळकसाहेबांना एकदा घरी बोलवून घे, संकोच करू नकोस, त्यांना यायला आवडेल.

आणि एक काम कर. कपाटातली ती लाल वही काढ, सगळ्या पानांचे फोटो मला पाठव. रोज साडेआठला जेवणं झाली की मी व्हिडिओ कॉल करते, मी नावं वाचते, तू त्यांचा हात धर, बाबांनी फक्त आमेन म्हणायचं, उशिरा निघालं तरी चालेल, मी थांबेन. आणि सुरुवात कुणाच्या नावाने करायची ते बाबांनी डाव्या हाताच्या बोटाने दाखवायचं.

तुमची लेक